निवाऱ्याची जागा आणि वेशीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी आमच्या शहरात एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला. एस. टी. स्थानकाच्या मागे नगरपालिकेची एक बंद पडलेली शाळा आहे. तेथे बेघरांसाठी रात्रनिवारा करावा असा प्रस्ताव आला. स्थानकाच्या फलाटावर, धान्यबाजाराच्या ओट्यांवर आणि सरकारी दवाखान्याच्या भिंतीला टेकून रात्र काढणाऱ्या माणसांना ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. आठवड्याभरात आजूबाजूच्या वसाहतींतून विरोधाचा अर्ज फिरू लागला. वस्तीचे वातावरण बिघडेल, चोऱ्या वाढतील, लेकीबाळींना रस्त्याने जाणे कठीण होईल, अशी कारणे त्यात होती. अर्ज माझ्या दारीही आला. मी सही केली नाही. पण सही का करीत नाही, हे अर्ज आणणाऱ्या शेजाऱ्याला मी सांगितले नाही. 'नंतर बघू' म्हणून दार लावून घेतले. पुढे प्रस्ताव बदलला आणि निवारा शहराबाहेर सहा-सात किलोमीटरवर, कचरा डेपोच्या अलीकडे, एका गोदामात झाला. आज तेथे खाटा आहेत, पंखे आहेत, पाण्याची टाकी आहे, माणसे नाहीत. 'लाभार्थी मिळत नाहीत' असा शेरा कागदावर पडला आहे. बेघरांना निवारा नकोच असतो, रस्त्यावर राहण्याची त्यांना सवय झालेली असते, हे सिद्ध करण्यासाठी आता तोच शेरा पुढे केला जातो.

माणसाला कोठे राहू द्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा या देशात नगररचनेचा प्रश्न म्हणून जन्माला आलेला नाही. तो वेशीचा प्रश्न म्हणून जन्माला आला. आपल्यापैकी ज्यांचे बालपण महारवाड्यात, मांगवाड्यात, चांभारवाड्यात गेले त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. गावाच्या अंगावरून गेलेला वारा आमच्यावर यावा पण आमच्या अंगावरचा वारा गावावर जाऊ नये, गावाने वापरलेले पाणी खाली आमच्याकडे यावे पण आमचे पाणी वर जाऊ नये, इतका बारीक विचार करून आमची जागा ठरलेली होती. ती आम्ही निवडलेली नव्हती. गावाला आमचे श्रम हवे होते म्हणून हाकेच्या अंतरावर आणि आमचा स्पर्श नको होता म्हणून वेशीबाहेर, असा तो हिशेब होता. शहरातल्या निवाऱ्याची जागा ठरविताना आज जो हिशेब मांडला जातो त्याची भाषा बदलली आहे, मांडणी मात्र ओळखीची आहे. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहिला पाहिजे.

१

निवारा म्हणजे छप्पर अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहिष्कृत माणसाचा अनुभव वेगळा आहे. छप्पर असते, खोली रिकामी असते, खिशात भाड्याचे पैसेही असतात, तरीही निवारा मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. हिंदूंच्या खानावळी त्यांना बंद होत्या, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. अडगळीने भरलेला तो अंधारा मजला, रोजचे दीड रुपया भाडे आणि आपण कोण हे उघड होण्याची सततची भीती, असे त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी जमाव आला आणि त्यांना सायंकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावण्यात आले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन मित्र शहरात होते. दोघांनीही निमित्ते सांगून टाळले. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी बडोदे शहरात छपरांची वाण नव्हती.

१९२३ सालचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव आपण महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात नेहमी सांगतो. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केलेल्या त्या ठरावात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी यांच्या जोडीला आणखी एक शब्द होता, तो म्हणजे धर्मशाळा. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे त्या ठरावाने म्हटले होते. पाण्याचा हक्क आम्ही लढून मिळविला आणि लक्षात ठेवला. रात्री अंग टाकण्याचा हक्कही त्याच ओळीत होता, हे मात्र आम्ही विसरलो. वर्गात मी हा ठराव शिकवितो तेव्हा विद्यार्थ्यांना विचारतो की धर्मशाळेचा उल्लेख कोणाच्या लक्षात आहे का. अजून एकाही वर्षी हात वर झालेला नाही.

२

जागा कशी निवडावी, हे सर्वांत नेमके ज्यांना कळले होते ते कोणत्याही नगररचनेच्या शाळेत गेलेले नव्हते. ते होते गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेल्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. या कामाला परोपकार म्हणून सारेच नमस्कार करतात. परंतु धर्मशाळांच्या जागा पाहिल्या तर त्यामागचा विचार दिसतो. माणूस जेथे आधीच येऊन पडलेला आहे तेथे छप्पर न्यायचे. छप्पर सोयीच्या जागी बांधून माणसाला तेथे हाकलायचे नाही. वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर पडत, म्हणून धर्मशाळा पंढरपुरात झाली. मुंबईत खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रोग्यांचे नातेवाईक दवाखान्याच्या दारात पडत, म्हणून त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा जे. जे. रुग्णालयाच्या आवारात आहे. दादरच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करोगग्रस्तांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा मिळतो. दादर आणि परळ यांमधले अंतर किती, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही.

पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. ज्या चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता, ज्यांना नदीपलीकडे राहावे लागले अशी परंपरेची सांगी आहे आणि ज्यांची समाधीही महाद्वाराच्या बाहेरच आहे, त्यांच्या नावाने अस्पृश्य यात्रेकरूंसाठी ही वास्तू उभी राहिली. गाडगेबाबांनी जातवार धर्मशाळा बांधल्या, मराठ्यांची वेगळी, परिटांची वेगळी, चोखामेळ्याच्या लेकरांची वेगळी, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. पण इतर धर्मशाळांची दारे बंद असताना वेगळे दार उघडण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता, हेही विचारले पाहिजे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवाचे दार उघडण्यापूर्वी कितीतरी वर्षे गाडगेबाबांनी निवाऱ्याचे दार उघडलेले होते. पुढे १९४९ साली त्यांनी ही धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यावर विद्यार्थ्यांचा हक्क आला. दलितांच्या पहिल्या पिढीच्या शिक्षणाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात अशा वसतिगृहांचा इतिहास आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली निघालेले मिस क्लार्क वसतिगृह, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात काढलेले वसतिगृह, या साऱ्यांमागे एकच जाणीव होती: शाळा खुली झाली तरी शाळेच्या गावात रात्री राहायला जागा नसेल तर ती शाळा बंदच आहे.

याच्याही आधीचे एक उदाहरण महात्मा फुल्यांचे आहे. १८६३ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात जुन्या गंजातील आपल्या घरात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याची पत्रके ब्राह्मण वस्तीत लावली गेली, घर मात्र त्या वस्तीत नव्हते. रात्रीच्या अंधारात पायी येता येईल इतके ते जवळ होते आणि दारात ओळखीचे कोणी भेटणार नाही इतके दूर होते. या निवाऱ्यात पस्तीसवर विधवा बाळंत झाल्याची नोंद जोतीरावांनी स्वतः केली आहे. जागेची निवड चुकली असती तर त्या बाया आल्याच नसत्या. आणि आणखी एक गोष्ट: हा निवारा संस्थापकांनी स्वतःच्या घरात काढला. 'निवारा हवा, पण आमच्या आळीत नको' असे म्हणण्याची सोय त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही.

३

ही झाली एक परंपरा. दुसरी परंपरा राज्यकर्त्यांची आहे आणि तिचे उत्तम दर्शन मुंबईत होते. १८९० साली मुंबईच्या रस्त्यांवरील निराधार महारोग्यांसाठी आश्रम निघाला. पालिका आयुक्त अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने निघालेल्या या आश्रमाचे नावच बेघर महारोग्यांचा आश्रम असे होते, आणि जागा माटुंग्याची, म्हणजे तेव्हाच्या शहराबाहेरची. त्यात दयाबुद्धी होती हे मान्य; पण नजरेआड करण्याची घाईही होती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर सुधारण्याच्या नावाखाली त्याने गरिबांची घरे जितकी पाडली तितकी बांधली नाहीत. १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा आला. या कायद्याखाली रस्त्यावरच्या निराधार माणसाला पकडून नेता येते. त्याला निवारा मिळतो तो शिक्षा म्हणून. मुंबईत अशा लोकांना ठेवण्याचे गृह चेंबूरला काढण्यात आले.

शहराच्या पूर्व कडेकडे बोट दाखविण्याची ही सवय पुढे फारच वाढली. देवनारला १९२७ सालापासून शहराचा कचरा पडत आला. शहराने टाकलेली माणसेही त्याच बाजूला पाठविण्यात आली. अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, हलविण्यात आली आणि तेथील हजारो लोकांना चीता कँपच्या दलदलीत नेऊन टाकण्यात आले. चाळीस वर्षांनंतर तानसा जलवाहिनीकाठच्या झोपड्या पाडून लोकांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात, पाठविण्यात आले. त्यांना पक्की इमारत मिळाली, लिफ्ट मिळाली आणि दमाही मिळाला. लोक लढले. या लोकांना दुसरीकडे जागा द्या, नाहीतर घरभाड्यासाठी दरमहा १५ हजार रुपये द्या, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले. गावात महारवाड्याची जागा वाऱ्याची दिशा पाहून ठरत असे. माहुलमध्ये वाऱ्याची दिशा कोणी पाहिली होती?

याच मुंबईत उलटे उदाहरणही आहे. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळी म्हणजे १६० चौरस फुटांच्या कोंदट खोल्या. इमारत म्हणून त्यांची स्तुती कोणी करणार नाही. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथील या २०७ चाळी गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात होत्या. कामाला पायी जाता येत होते, संध्याकाळी सभेला बसता येत होते. कोकणातून, घाटावरून आलेला दलित कामगार तेथे टिकला, त्याची मुले शिकली, आणि १९७४ साली वरळीच्या दंगलीत पँथरला झुंजावे लागले तेही याच चाळींतून. वाईट इमारत चांगल्या जागी असेल तर माणूस तिच्यातून चळवळ उभी करतो. चांगली इमारत वाईट जागी असेल तर तो तिला कुलूप लावून पुन्हा फुटपाथवर येतो. आमच्या शहरातील त्या रिकाम्या गोदामाचा अर्थ एवढाच आहे.

४

बेघर माणूस कोठेही पडतो, ही समजूत मुळातच चुकीची आहे. तो जागा निवडतो आणि फार विचार करून निवडतो. याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली आणि २३ जुलैला, भर पावसात, झोपड्या पाडण्यास सुरुवात झाली. ओल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रकरणात पत्रकारांबरोबर फुटपाथवर राहणारी माणसेही अर्जदार होती. त्यांपैकी एक जण संगमनेरचा होता. गावी तो जोडे शिवी. दिवसाला सात-आठ रुपये मिळत. घर म्हणून जे होते ते पडले, म्हणून तो मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तेथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची कमाई त्याने फुटपाथवर ओतली. का ओतली? तेवढ्या पैशात दूर कोठेतरी बरी झोपडी बांधता आली नसती काय? आली असती. पण तेथून काम गाठता आले नसते.

१० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने हे मान्य केले. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि या माणसांची फुटपाथवरची जागा गेली की त्यांचे कामही जाते, असे न्यायालयाने म्हटले. १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना मालवणी येथे किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी, पण मालवणीपेक्षा अधिक दूर नव्हे, पर्यायी जागा देण्याच्या हमीला न्यायालयाने सरकारला बांधून घेतले. तरी फुटपाथ हटविण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिलाच. तत्त्व गरिबाच्या पदरात पडले आणि हातोडा पालिकेच्या हातात राहिला, असा तो निकाल होता. तरीही तत्त्व लहान नव्हते. जागेचे आणि भाकरीचे नाते प्रथमच एवढ्या स्पष्टपणे कायद्याच्या भाषेत आले.

२०१० मध्ये, दिल्लीच्या थंडीत बेघरांचा तंबू हटविल्याचे प्रकरण समोर आल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा असा निवारा असावा असे आदेश दिले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा आणि निवारा शक्यतो बेघरांच्या वावराच्या व कामाच्या ठिकाणाजवळ, म्हणजे रेल्वे व बस स्थानके, बाजारपेठा यांच्या आसपास, असे त्या योजनेत लिहिले होते. गाडगेबाबांना जे उमगले होते ते अशा रीतीने सरकारी कागदावर आले. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले, त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत. रात्री कंदील घेऊन मोजलेल्या माणसांचा हा आकडा आहे. पुलाखाली, गटाराच्या पाइपात जे दिसले नाहीत ते त्यात नाहीत. त्यांत आपली माणसे किती, हे ज्याने दुष्काळात गाव सोडणाऱ्या ट्रकमध्ये कोण बसते ते पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणजे तत्त्व आहे, आदेश आहे, योजना झाली. तरी निवारा कचरा डेपोजवळच का जातो? कारण 'शक्यतो' या एका शब्दाच्या फटीतून वेस आत शिरते. 'शक्य' काय आहे हे ज्यांच्याकडे सह्या आहेत ते ठरवितात. बेघराला पत्ता नसतो, म्हणून मतदार यादीत नाव नसते, म्हणून अर्जावर सही नसते. गावात जागा पाटील-कुळकर्ण्यांनी ठरविली. शहरात ती गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष ठरवितात.

५

आणि आता जे लिहायचे टाळत आलो ते लिहितो. आमच्या शहरातील त्या विरोधाच्या अर्जावर आपल्या माणसांच्याही सह्या आहेत. पहिल्या पिढीत शिकलेले, नोकरीला लागलेले, दारावर बाबासाहेबांची तसबीर असलेले. ज्यांच्या आजोबांना धर्मशाळेत घेतले नाही ते आज आपल्या आळीत धर्मशाळा नको म्हणतात. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण मी सही केली नाही एवढेच. बोललो तर नाहीच. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले गेल्याचा अनुभव आम्हा सर्वांना आहे. मोठ्या कष्टाने वेशीच्या आत आलो आहोत, पुन्हा कोणी बाहेर काढील अशी भीती आहे, म्हणून वेशीवर पहारा करायला आम्हीच उभे राहिलो आहोत. व्यवस्थेला याहून स्वस्त पहारेकरी कोठे मिळणार?

माझे वडील हमाल होते. मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांना मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवले होते. आई सतरा रात्री दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर झोपली. कोणीतरी तिला उपनगरातल्या एका फुकट निवाऱ्याचा पत्ता दिला. ती गेली नाही. मी रागावलो तेव्हा म्हणाली, "डॉक्टर सकाळी आठला येतात बाबा. औषधाची चिठ्ठी तेव्हाच देतात. मी तिथनं कधी येऊ?" शाळेत न गेलेल्या माझ्या आईने जागानिवडीचे सारे शास्त्र त्या एका प्रश्नात सांगितले होते. माझ्या प्राध्यापकीला ते दोन वर्षांपूर्वी, दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्यासमोर, आठवले नाही.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे काही गोष्टी ठेवतो. आपल्या गावात निवाऱ्याचा प्रस्ताव येईल तेव्हा इमारतीचा नकाशा पाहण्यापूर्वी रात्री अकरानंतर शहर फिरून या. माणसे कोठे झोपतात, पहाटे कोणत्या नाक्यावर कामाला उभी राहतात, पाणी आणि संडास कोठे गाठतात, हे लिहून काढा. बायकांना विचारा, कारण निवाऱ्यापर्यंतचा अंधारा रस्ता पुरुषाला दिसत नाही, बाईला दिसतो. त्यावरून जागा मागा. विरोधाचा अर्ज फिरेल. तो आपल्या वस्तीतही फिरेल. तेव्हा दार लावून न घेता बोला.

बंद शाळेची ती इमारत अजून रिकामीच आहे. यंदाच्या थंडीपूर्वी तेथेच निवारा व्हावा, असा अर्ज आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी लिहीत आहोत. त्यावर पहिली सही माझी आहे. दुसरी सही मागायला मी त्याच शेजाऱ्याकडे जाणार आहे.